बादशाही बिल्ले, दरबारी पदकं: बेळगाव भागातून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यातून माझ्याकडे जुन्या पदकांचे फोटो येतात ते ठरावीक वेळी: दिवाळीच्या साफसफाईनंतर, नाहीतर घराच्या वाटण्या झाल्यावर. आजीच्या ट्रंकेत चांदीचा जाडजूड गोल निघतो. एका बाजूला दाढीवाल्याचं तोंड, दुसऱ्या बाजूला वाचता न येणारी लिपी. मग विचारणा सुरू होते. तीच उत्तरं देऊन कंटाळा आला म्हणून ती एका जागी लिहून ठेवली. घाईत असाल तर निदान प्रश्न ६ आणि ७ वाचा. तोवर पदक घासू नका आणि सराफाकडे नेऊ नका.

१. माझ्याकडचं हे नाणं आहे, पदक आहे की नुसता बिल्ला?

नाण्यावर किंमत असते, पदकावर प्रसंग असतो: राज्याभिषेक, दरबार, गादीवर बसल्याची पंचवीस किंवा साठ वर्षं. आपल्याकडे गळ्यात किंवा छातीवर लटकेल त्या सगळ्याला बिल्लाच म्हणतात, त्यामुळे गोंधळ होतो. वस्तू बरोबर एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम भरली, रुंदी ३०.५ मिलिमीटरच्या आसपास निघाली आणि वर इंग्रजीत 'वन रुपी' लिहिलेलं असेल, तर तो राणीछाप किंवा राजाछाप रुपया. तो पदक नव्हे.

पदकांतही दोन जाती आहेत. एक सरकारने माणसाला दिलेलं, वर कडी आणि फीत असलेलं. दुसरं टांकसाळीने आठवण म्हणून पाडून विकलेलं, बिनकडीचं, डबीत ठेवायचं. दोन्ही खरीच, पण त्यांची गोष्ट वेगळी आणि किंमतही वेगळी.

२. आपल्या भागात कोणती पदकं खरोखर सापडतात?

सगळ्यात जास्त विचारणा १९११ च्या दिल्ली दरबाराच्या पदकाची. १२ डिसेंबर १९११ ला पंचम जॉर्जचा दरबार भरला, त्यातच राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला नेण्याची घोषणा झाली. साधारण दीड इंच रुंदीचं पदक. पुढे फुलांच्या वेढ्यात राजा-राणीचे मुकुटधारी चेहरे, मागे सगळा फारसी मजकूर. त्याचा अर्थ साधारण असा: 'हिंदुस्थानचा सम्राट, इंग्रजी मुलखाचा धनी पंचम जॉर्ज याचा दरबार'. फीत गडद निळी, मधोमध दोन लाल रेघा. चांदीची सुमारे ३०,००० पाडली आणि त्यातली बरीच साध्या शिपायांपर्यंत गेली, म्हणून ती खेड्यांतून निघतात. सोन्याची होती सुमारे २०० आणि ती बड्या मंडळींना. तुमच्या ट्रंकेत पिवळं निघालं तर आधी मुलामा समजा.

त्याखालोखाल १९०३ च्या दरबाराचं सातव्या एडवर्डचं, मग १९३५ च्या रौप्यमहोत्सवाचं आणि १९३७ च्या राज्याभिषेकाचं. ही शेवटची दोन लहान, ३२ मिलिमीटरची. व्हिक्टोरियाच्या १८९७ च्या हीरकमहोत्सवाचं बिनकडीचं छोटं पदकही अधूनमधून येतं. त्याच्या एका बाजूला तरुण राणी, दुसऱ्या बाजूला पदर घेतलेली म्हातारी राणी. १८७७ चं, राणीला सम्राज्ञी जाहीर केलं त्या वेळचं, ५८ मिलिमीटरचं पदक मी या भागात एकदाच हातात घेतलं आणि परत देताना जिवावर आलं.

इथे हे सगळं का सापडतं? एक, कॅम्प म्हणजे लष्कराची छावणी, आणि तिथली पलटण. दुसरं, संस्थानांची गोधडी. बेळगावच्या कोटापासून चालत जावं एवढ्या अंतरावरचं शहापूर सांगली संस्थानात होतं. पलीकडे जमखंडी, मुधोळ, रामदुर्ग, कुरुंदवाड, कोल्हापूर. प्रत्येक दरबारात कारभारी, मानकरी, इनामदार, आणि त्यांच्या छातीवर एखादं तरी पदक.

३. चांदी खरी आहे का, हे घरीच कसं बघायचं?

कसोटीवर घासू देऊ नका, कानशीने कड कापू देऊ नका. पाणी आणि वजनकाटा पुरतो. दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा घ्या.

पदकाचं कोरडं वजन लिहून ठेवा. मग काट्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्यावर आणा. पदक शिवणाच्या दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असं अधांतरी धरा. तळाला आणि कडांना लागता कामा नये, बुडबुडे चिकटले तर हलकेच झटका. काट्यावर जो आकडा येईल त्याने कोरड्या वजनाला भागा. उत्तर १०.२ ते १०.५ च्या दरम्यान आलं तर चांदी. ३० ग्रॅमचं चांदीचं पदक काट्यावर २.९ च्या आसपास दाखवतं. जर्मन सिल्व्हर असेल तर ३.४ च्या पुढे जातं. जर्मन सिल्व्हरमध्ये नावापलीकडे चांदी नसतेच, ते तांबं, जस्त आणि निकेल.

फीत आधी काढा, भिजवू नका. कडी वेगळ्या धातूची असेल तर आकडा थोडा हलतो.

४. हॉलमार्क कुठेच नाही. म्हणजे बनावट?

नाही. सरकारी टांकसाळीच्या पदकांवर हॉलमार्क नसतो, त्याची त्यांना गरजच नव्हती. इंग्लंडातल्या खाजगी कारखान्यांच्या चांदीवर मात्र काठाला बारीक सिंह आणि बर्मिंगहॅमचा जहाजी नांगर असे ठसे सापडतात. उलट, १९११ च्या पदकावर आजचा '९२५' ठोकलेला दिसला तर पहिल्यांदा शंका घ्या.

५. नकली पदक कसं ओळखायचं?

माझीच फजिती सांगतो. एका आठवडी बाजारात, भांड्यांच्या ढिगाशेजारी, मला १९११ चं पदक दिसलं. काळपट, फीत विटलेली, विकणारा म्हणाला, "सुभेदाराच्या घरातलं आहे, साहेब." घासाघीस न करता घेतलं, तिथेच माझं चुकलं. घरी भिंग लावलं तर राणीच्या केसांत बारीक खड्डे, सुईने टोचल्यासारखे. काठावरून नख फिरवलं तर सबंध घेराला एक पुसट उंचवटा. फारसी अक्षरांचे नुक्ते एकमेकांत मिसळून चिखल झालेला. पाण्याच्या परीक्षेत उत्तर आलं ८.६.

खरं पदक ठशाखाली दाबून पाडलेलं असतं. अक्षराची कड धारदार, पार्श्वभूमी सपाट आणि काठ सलग असतो. नकली बहुतेक साच्यात ओतलेलं असतं: खड्डे, सांधा, बोथट अक्षरं. वापराने झिजलेलं आणि ओतताना बोथट झालेलं यातला फरक असा: झीज उंच भागांवर असते, म्हणजे नाक, गाल, मुकुटावर, तर खोलगट जागेतली अक्षरं तशीच टोकदार राहतात. ओतीव नकलेत खोल जागासुद्धा मऊ असते. ते पदक मी अजून ठेवलंय, मुलांना फरक दाखवायला.

६. काळं पडलंय. चिंच, राख, पितांबरी, टूथपेस्ट... कशाने घासू?

कशानेच नाही. हवेतल्या गंधकाने चांदीवर काळा थर चढतो. तो थर पदकाचं वय सांगतो आणि खालच्या चांदीला सांभाळतोही. घासलं की त्याच्याबरोबर राजाच्या नाकाचा शेंडाही जातो, आणि तो परत येत नाही. देवघरातली भांडी आणि पदक यांना एक न्याय लावू नका.

फार तर कोमट पाण्यात साध्या साबणाचा एक थेंब, बोटांच्या पेरांनी हलकेच धुणं, मऊ सुती कापडाने टिपणं. पुसणं नव्हे, टिपणं. सराफाने "पॉलिश मारून देतो, फुकट" म्हटलं तर त्याला चहा पाजा आणि घरी या.

७. काठावर बारीक इंग्रजी अक्षरं आहेत. ती काय?

ती या सगळ्या वस्तूतली सगळ्यात मोलाची गोष्ट असू शकते. दरबार, रौप्यमहोत्सव, राज्याभिषेक यांची पदकं सरकारने नाव न घालता दिली. नंतर कुणी स्वखर्चाने नाव कोरून घेतलं असेल तर अक्षरं हाताची, थोडी तिरकी असतात. पण तुम्ही 'बादशहाचं मेडल' म्हणून पाठवता त्यातली निम्मी मुळात स्मारक पदकं नसतातच, ती युद्धसेवेची असतात. पहिल्या महायुद्धाचं ३६ मिलिमीटरचं पदक चांदीचं: पुढे पंचम जॉर्ज, मागे घोड्यावरचा उघडा पुरुष आणि १९१४, १९१८ हे आकडे. त्याच्या काठावर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठसवलेली असते.

१९२२ च्या आधी मराठा पलटणींना १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ असे आकडे होते. त्या वर्षी त्या एका रेजिमेंटमध्ये गुंफल्या, आणि आजही मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावातच आहे. काठावर यातला आकडा आणि 'महरट्टा' असं जुन्या इंग्रजी वळणाचं नाव दिसलं तर थांबा. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, कुत-अल-अमाराच्या वेढ्यात यातल्या पलटणी होत्या. ते नाव तुमच्या पणजोबांचं असू शकतं, किंवा शेजारच्या गावातल्या कुणाच्या तरी. वाचता येत नसेल तर काठावर खडूची भुकटी भरू नका. खिडकीशी उभं राहून, प्रकाश आडवा पडेल असं धरून मोबाइलने फोटो काढा, तेवढं बस होतं.

८. दुसऱ्या महायुद्धाचं पांढरं पदक आहे. तेही चांदीचंच ना?

बहुधा नाही. १९३९-४५ चं वॉर मेडल आणि इंडिया सर्व्हिस मेडल तांबं-निकेलचं आहे. आपल्याकडे मिळतात त्यांच्या काठावर बहुतेक वेळा नावही नसतं. मोडीत घालून काही मिळणार नाही, म्हणून तरी ते घरात टिकतं.

९. पदकाला मागून कडी झाळलेली आहे. किंमत गेली का?

संग्राहकाच्या हिशेबात कमी झाली, हो. आपल्याकडे राणीछाप रुपयांच्या माळा घालायची हौस होती. त्याच हौसेपायी कित्येक बिनकडीची पदकंही सोनाराकडे जाऊन गळ्यात आली. झाळ काढायला जाऊ नका. आच लागली की भोवतालची चांदी डागाळते आणि एका खुणेच्या दोन होतात. मला स्वतःला अशी पदकं आवडतात. राणी मेली, राज्य गेलं, पण कडोलीतल्या एखाद्या आजीने ती लक्ष्मी म्हणून गळ्यात मिरवली, हाही इतिहासच की. सरकारी पदकाची मुळातली कडी कशी असते ते प्रश्न २ मधल्या पदकांचे फोटो मिळवून त्यांच्याशी ताडून बघा.

१०. पदकावरची तारीख इतिहासाच्या पुस्तकाशी जुळत नाही. बनावट?

इथे चांगले चांगले फसतात. सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक २६ जून १९०२ ला ठरला होता. ऐन वेळी राजाच्या पोटात आंत्रपुच्छाचं दुखणं उठलं, शस्त्रक्रिया झाली आणि सोहळा ९ ऑगस्टला झाला. कोल्हापूरचे शाहू महाराज त्यासाठीच विलायतेला गेले होते. तोवर पदकं पाडून तयार होती. म्हणून छातीवर लावायच्या पदकावर २६ जून हीच तारीख आहे आणि ती बरोबर आहे.

दुसरा नमुना आठव्या एडवर्डचा. त्याचा राज्याभिषेक १२ मे १९३७ ला ठरला, पण डिसेंबर १९३६ मध्येच त्याने गादी सोडली. कारखानदारांनी स्मरणपदकं आधीच काढली होती. त्यामुळे न झालेल्या सोहळ्याची खरी पदकं बाजारात आहेत, आणि त्याच तारखेला सहाव्या जॉर्जचा राज्याभिषेक झाल्यामुळे त्याचीही त्याच तारखेची आहेत. चेहरा बघा, नाव वाचा. आणि न झालेल्या सोहळ्याचं म्हणून ते दुर्मीळ असेल असं समजू नका. ढिगाने निघाली होती.

११. 'कैसर-ए-हिंद', म्हणजे हिंदुस्थानचा सम्राट, असं लिहिलंय. हे १८७७ चं का?

आकार बघा. १८७७ चं गोल आणि तळहातभर. लांबट, अंडाकृती असेल तर ते १९०० साली सुरू झालेलं, लोकसेवेसाठी दिलं जाणारं कैसर-ए-हिंद पदक. ते एका सोहळ्याचं स्मारक नाही, माणसाच्या कामाचा मान आहे. चांदीचं म्हणजे दुसरा वर्ग. असं पदक घरात असेल तर त्याबरोबरचा कागद, वर्तमानपत्राचं कात्रण, काहीही शोधा.

१२. सांगली, जमखंडी, मुधोळ, रामदुर्ग संस्थानांची पदकं मिळतात का?

बडोद्यासारख्या मोठ्या संस्थानाची मिळतात, सयाजीरावांच्या १९३६ च्या हीरकमहोत्सवाची माहीतच आहेत. आपल्या शेजारच्या छोट्या संस्थानांच्या नावाने जे येतं त्यातलं बरंचसं शाळेचं बक्षीस, कुस्तीचं किंवा प्रदर्शनातलं पदक असतं. म्हणून ते टाकाऊ नाही. ८ मार्च १९४८ ला ही संस्थानं मुंबई प्रांतात गेली. मग जमखंडी, मुधोळ, रामदुर्ग १९५६ मध्ये या राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात आली आणि दप्तरं पांगली. शाळेच्या पदकावरचं देवनागरीतलं एक नाव कधीकधी सगळ्या दप्तराची भरपाई करतं.

१३. शिवराज्याभिषेकाचं १६७४ चं चांदीचं पदक विकायला आलंय. राणी चन्नम्मांचंही आहे म्हणे. घेऊ?

नको. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर महाराजांनी सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली. पदक पाडून वाटण्याची रीत आपल्या दरबारांची नव्हती. मान द्यायचा तर पोशाख, शेला, कडं, तलवार, इनाम. १८२४ च्या कित्तूरलाही हेच लागू. बाजारात आहेत ती अलीकडच्या काळातली स्मरणपदकं. चांदीची असतील तर चांदीच्या भावाने, श्रद्धेने घ्या, पण 'मूळ' म्हणून नको.

कंपनी सरकारच्या नावाने हनुमान किंवा रामदरबाराचे 'नाणी' म्हणून फिरणारे बिल्ले कंपनीने कधी पाडलेच नाहीत. आणि जादूची शक्ती आहे असं भासवून लोकांना लुबाडायचं "तांदूळ खेचणारं" पदक दाखवायला कुणी आलं तर दार लावून घ्या. ते प्रकरण पोलिसांचं आहे, संग्राहकांचं नाही.

१४. किंमत किती येईल?

तळाचा आकडा तुम्हीच काढू शकता: वजन गुणिले त्या दिवसाचा चांदीचा भाव, त्यातून शुद्धतेची वजावट. सराफ मोडीत घेताना घट धरतो, तीही वजा. याच्या वर जे मिळतं ते चार गोष्टींचं: न घासलेला पृष्ठभाग, मूळ फीत, मूळ डबी आणि नाव. एकटं पदक आणि त्याच माणसाचा सनदेचा कागद, फोटो, पेन्शन बुक यांच्यासह पदक यांत फार अंतर पडतं. फोटोवरून भाव सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. मीही सांगत नाही.

१५. जुनं पदक घरात ठेवायला नोंदणी लागते का? परदेशातल्या मुलाला पाठवता येईल?

१९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर किंवा जास्त वर्षांची कारागिरीची वस्तू ही पुरावस्तू ठरते. सक्तीची नोंदणी आहे ती मूर्ती, चित्रं, हस्तलिखितं अशा वस्तूंना. घरात वारशाने आलेलं पदक सांभाळण्यात अडचण नाही. पण पुरावस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो, आणि देशाबाहेर नेणं खाजगी माणसाला मुभाच नाही, मुलाला भेट म्हणूनसुद्धा नाही.

यातली गंमत अशी की रेषा दरवर्षी पुढे सरकते. १९११ चं पदक २०११ मध्ये त्या रेषेत आलं. १९३५ चं २०३५ मध्ये येईल. शंभर न झालेली वस्तू नेतानाही विमानतळावर अडवू शकतात, म्हणून पुरातत्त्व खात्याकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला आधी घ्यावा.

१६. शेत नांगरताना पदक सापडलं. ते माझंच ना?

जमिनीत पुरलेलं निघालं तर गुप्तधनाचा कायदा आड येतो आणि जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. तलाठ्याकडे, पोलिसात लेखी द्या आणि पोच घ्या. लपवून विकायला गेलात तर घेणाराच आधी पलटतो. घरातल्या ट्रंकेतलं पदक यात येत नाही.

१७. कोल्हापूरच्या प्रदर्शनाला पदकं घेऊन जायचंय. कोगनोळी नाक्यावर अडवतील?

एरवी कोण विचारतंय. निवडणुकीची आचारसंहिता असली की मात्र ५०,००० वरची रोकड आणि मौल्यवान वस्तू यांचे कागद मागतात. फोटोंसह यादी, वजनं आणि असतील तर खरेदीच्या पावत्या बरोबर ठेवा. पावती कन्नडमध्ये असेल आणि पुढे महाराष्ट्राचा नाका असेल, तर यादी मराठीत किंवा इंग्रजीत असलेली बरी. परतीलाही तीच दाखवता येते.

१८. खानापूरच्या पावसात पदक कसं ठेवू?

मऊ, वासाच्या प्लास्टिकच्या पाकिटात नको, काही वर्षांत त्यातून हिरवट चिकट सुटतं. रबर बँड, लोकर, वर्तमानपत्रही नको, तिन्ही चांदीला काळं करतात. पॉलिएस्टरचं कडक पारदर्शक पाकीट, वर धुतलेलं सुती कापड, स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा आणि आत सिलिका जेलची पुडी. जून आणि सप्टेंबरमध्ये पुडी बदला. पदक काठाने धरा, सपाट भागावर बोट नको. फीत विरली तरी फेकू नका, वेगळ्या पाकिटात त्याच डब्यात ठेवा.

१९. इंग्रज बादशहाचं पदक जपून ठेवणं बरं दिसतं का?

हा प्रश्न विचारणाऱ्याचं मला कौतुक आहे. गांधीजींना १९१५ मध्ये सोन्याचं कैसर-ए-हिंद मिळालं, १९२० मध्ये त्यांनी ते परत केलं, आणि १९२४ मध्ये ते इथे बेळगावच्या काँग्रेसचे अध्यक्ष होते. परत केलेलं पदकसुद्धा गोष्ट सांगतं. तुमच्या घरातलं ठेवलेलं, लपवलेलं की माळेत ओवलेलं, तेवढं एका कागदावर लिहा.

२०. आजोबांचं एकच पदक आणि आम्ही तिघं भाऊ. काय करू?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि बहुतेक वेळा "विकून पैसे वाटून घेऊ का?" असा येतो. आधी प्रश्न १४ मधला तळाचा आकडा काढून तीन भाग करून बघा. एका भावाच्या वाट्याला जे येतं त्यात बेळगाव ते पुणे कुटुंबासकट जाऊन यायलाही कसरत होते. मग तिघांनी बसून दोन्ही बाजूंचे आणि काठाचे फोटो काढावेत, वजन लिहावं, आजोबांचं नाव, गाव, पलटण, आठवतील ती सालं लिहावीत आणि तिघांकडे एकेक प्रत ठेवावी. पदक ज्याच्याकडे राहील त्याने दसऱ्याला ते बाहेर काढून शस्त्रांबरोबर पाटावर मांडायचं. येळ्ळूरच्या एका घरात असंच चाललंय. तिथे थोरल्याकडे पदक, मधल्याकडे फीत आणि धाकट्याकडे रिकामी डबी आहे, आणि दसऱ्याच्या सकाळी तिन्ही एकत्र येतात.